न चाखता दिलेली दाद

मी आयुष्यात बिअरचा थेंब घेतलेला नव्हता, आणि तरी लंडनजवळच्या वॉटफर्डातली बरीच हौशी मंडळी घरी बिअर करायला माझ्याकडून शिकली. हे वाक्य मी कित्येक वर्षं प्रत्येक पार्टीत ऐकवायचो. लोक हसायचे, मीही हसायचो. हल्ली सांगत नाही. का सांगत नाही, ते लिहायला बसलोय.

आमचं हार्डवेअरचं दुकान होतं. खिळे, बिजागऱ्या, रंगाचे डबे, नळाचे वॉशर, बागेची अवजारं. मागच्या कोपऱ्यात घरगुती बिअरचं सामान. ते मी मांडलेलं नव्हतं. ज्या म्हाताऱ्याकडून दुकान घेतलं, त्याच्याकडून ते आपोआप आलं, जुन्या घराबरोबर मांजर येतं तसं. मी काढून टाकणारच होतो. पण शनिवारी सकाळी बघावं तर खिळ्यांपाशी कुणी नाही आणि त्या कोपऱ्यात चार टकली डोकी यीस्टच्या पुड्या वाचतायत. मग राहू दिलं.

मी पीत का नाही, यामागे काही थोर तत्त्व नाही. लग्न ठरताना सासऱ्यांनी अमरावतीच्या बैठकीत एकच प्रश्न विचारला, ‘घेता का?’ मी म्हटलं, ‘कधीच नाही.’ हातात चहाचा कप होता आणि समोर सुलभा बसली होती. त्या क्षणी त्यांनी चहाबद्दल विचारलं असतं तर तोही सोडला असता. सासरे गेले, शब्द राहिला.

ज्यांना या भानगडीची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जव भिजवून मोड आणायचे, वाळवायचं, भाजायचं. तेवढं कारखान्यातून होऊन येतं. ते भरडून घरच्या माणसानं सहासष्ट अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात तासभर मुरवत ठेवायचं. त्या तासात जवातल्या पिठाची साखर होते. पाणी जास्त गरम झालं तर बिघडतं, गार पडलं तर अर्धवट राहतं. म्हणजे डबा असा हवा की तासभर ऊब जागची हलू नये. शिवाय तळाशी गाळणी आणि बाहेर तोटी हवी, म्हणजे चोथा आत राहील आणि गोड पाणी बाहेर येईल. या डब्याला मॅश टन म्हणतात. पुढे ते गोड पाणी उकळायचं, हॉप्सची कडू फुलं घालायची, गार करून यीस्ट सोडायचं आणि वाट बघायची. पण खरं काम त्या एका तासाचं.

स्टीलचे चकचकीत मॅश टन बाजारात मिळतात. पेन्शनवर जगणारा माणूस ते नुसते हात लावून बघतो आणि परत ठेवतो. हे बघून बघून माझ्या डोक्यात किडा वळवळला.

उत्तर आमच्याच स्वयंपाकघरात होतं. इंग्लंडच्या हिवाळ्यात इडलीचं पीठ फुगत नाही, म्हणून सुलभा पिठाचं पातेलं पिकनिकच्या कूलबॉक्समध्ये ठेवायची आणि शेजारी गरम पाण्याची रबरी पिशवी निजवायची. सकाळी पीठ पातेल्याबाहेर. मी नागपूरजवळच्या कारखान्यात उमेदीची वर्षं वाफेच्या पाइपांना लॅगिंग करण्यात घालवलेली, म्हणजे थोडक्यात पाइपांना गोधड्या घालायचो. ऊब कुठून पळते हे मला झोपेतही कळतं. मी तो कूलबॉक्स उचलला, ठोकून बघितला आणि म्हटलं, ‘भिंती चांगल्या आहेत, झाकण पोकळ आहे.’

‘पीठ ठेवा खाली आधी,’ सुलभा म्हणाली.

झाकणात मी दुकानातला फुगणारा फोम भरला. फोमच्या बाटलीवर लिहिलं होतं, थोडा भरा. आम्ही पाइपांना गोधड्या घालणारे, आम्हाला कोण शिकवणार! पूर्ण बाटली रिकामी केली. दहा मिनिटांत झाकण पुरीसारखं टम्म फुगलं, मग फुटलं, आणि फोम काउंटरवर, बिलबुकावर आणि माझ्या पँटवर आला. तो सुकला की दगड होतो. सुलभानं कात्री आणली तेव्हा एक बाई चावी बनवायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘आय विल कम बॅक लेटर.’ आल्या नाहीत.

दुसऱ्या प्रयत्नात झाकण जमलं, पण तोटीचं भोक मोठं पडलं. तो डबा मी भरवशानं एका शिक्षकाला विकला. त्यानं घरच्या क्रीम रंगाच्या कार्पेटवर बसून पहिला मॅश केला आणि जवाची गरम पेज सोफ्यापर्यंत गेली. त्याच्या बायकोनं मला फोनवर जे शब्द ऐकवले ते मी इथे राहून इतकी वर्षं झाली तरी आधी ऐकले नव्हते. तिसरा डबा मात्र खणखणीत झाला. तासाभरात जेमतेम एक अंश उतरला. मग मी करत सुटलो.

ईलिंगहून एक पुण्याचा सॉफ्टवेअरवाला मुलगा आला होता, अनिकेत. डबा घेऊन गेला आणि महिन्याभरानं त्याचा रडवेला फोन. ‘काका, आईबाबा येतायत इंडियातून. हा बॉक्स काय म्हणून सांगू?’

‘दही लावायचा म्हण.’

त्यानं सांगितलं. आईनं खरंच दही लावलं. सुरीनं कापावं असं दही! सहा आठवड्यांनी ती माउली तोटीसकट तो डबा घेऊन विमानात बसली. अनिकेत दुसरा न्यायला आला तेव्हा म्हणाला, ‘काका, ती कॉलनीत सगळ्यांना दाखवतेय. म्हणतेय, ताक काढायला नळपण दिलाय.’

असे किस्से पुष्कळ आहेत. पण मला केनबद्दल सांगायचंय, आणि मी इतका वेळ फोम आणि दही करत बसलो ते त्याच्यापाशी यायचं टाळायला.

केन बसचालक होता. निवृत्त, सत्तरी ओलांडलेला, विधुर. दुकानात आला तो माझ्या एका डब्याची कीर्ती ऐकून. ‘मिस्टर डी,’ म्हणाला. माझं आडनाव देवतळे, ते त्यानं दुकानाच्या पाटीवर एकदाच वाचून बघितलं होतं. ‘मला पोरीच्या लग्नासाठी बिअर करायचीय.’

मुलगी ज्युली, चाळिशीची, दुसरं लग्न. पहिल्या लग्नाला केन गेला नव्हता. जावई पसंत नव्हता म्हणून रुसून घरी बसला, दिवसभर टीव्हीवर क्रिकेट बघितलं. ‘कोण जिंकलं तेही आठवत नाही,’ तो म्हणाला. ‘तिनं मात्र आठवण ठेवलीय. बोलत नाही, पण ठेवलीय. या वेळी मी हॉलमध्ये उभा राहून माझ्या हातची बिअर माझ्या हातानं लोकांना देणार. तिला अजून सांगितलेलं नाही.’

मग त्यानं आवाज खाली आणला. ‘एक अडचण आहे. कोविड झाला तेव्हा माझं नाक गेलं. जीभपण. परत आलंच नाही. मला चहा आणि ग्रेव्ही सारखीच. मी बनवीन, पण कशी झालीय ते मला कळणार नाही. तू सांगशील? यू आर इन द ट्रेड.’

इथं मी म्हणायला हवं होतं, ‘केन, मी पीत नाही.’ चार शब्द. पण तो माझ्याकडे डॉक्टरकडे बघावं तसा बघत होता, आणि मला धंद्यातला माणूस म्हणवून घ्यायला फार आवडतं. मी म्हटलं, ‘ऑफ कोर्स.’

दुसरी चूक त्याच आठवड्यातली. डब्यातली गाळणी आणि तोटी जोडायला जो पाइप लागतो तो खाण्यापिण्याच्या कामाचा, गरम पाणी सोसणारा हवा. तो संपला होता. मागवला तर दहा दिवस लागणार, केनला घाई. दुकानात बागेला पाणी घालायच्या पिवळ्या होजचं आख्खं रीळ पडलं होतं. वीतभर कापला, बसवला, घट्ट बसला. मनात म्हटलं, चांगला पाइप आला की बदलून देऊ. केनला म्हटलं, ‘तुला अगदी स्वस्तात बसवून दिलाय बघ.’ त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला.

महिन्याभरानं पहिली बाटली आली. लेबलवर त्यानं पेनानं आकडा घातला होता, एक. मी ती घरी आणली आणि सुलभाला दिली. आमच्या बागेत तेव्हा स्लगनी उच्छाद मांडला होता, म्हणजे त्या पाठीवर शंख नसलेल्या गोगलगायी. मेथी उगवू देत नव्हत्या. इथले लोक त्यांच्यासाठी बशीत बिअर ठेवतात. वासानं स्लग येतात, पितात, त्यातच बुडतात. गिऱ्हाइकांनी कौतुकानं आणून दिलेल्या सगळ्या बाटल्या आमच्याकडे मेथीच्या वाफ्यात जायच्या.

सुलभानं बाटली उघडली आणि नाक आक्रसलं. ‘अहो, याला दवाखान्याचा वास येतोय. जखम धुतात त्या औषधाचा.’

‘बिअरला असतो वास.’

‘तुम्हाला काय माहीत?’

हा प्रश्न मी ऐकून सोडून दिला. सकाळी बशी बघितली तर काठोकाठ भरलेली, आत एकही स्लग नाही. शेजारची मेथी मात्र साफ. ‘बघा,’ सुलभा म्हणाली, ‘त्यांनीसुद्धा तोंड लावलं नाही.’ आम्ही दोघं हसलो. मी तर हा विनोद दुकानातही सांगितला. फक्त केनला नाही.

केन शनिवारी आला. ‘वेल?’

मी दुकानात विकायला ठेवलेल्या बिअरच्या पुस्तकांची मागची, चवीच्या शब्दांची पानं वाचलेली होती. म्हटलं, ‘मॉल्टी. क्लीन फिनिश.’ त्याचा चेहरा असा उजळला की मला आणखी एक शब्द द्यावासा वाटला. ‘आणि बॉडी छान आहे.’

आपल्याकडे कुणी घरून डबा पाठवला की आपण तो उघडण्याआधीच फोनवर सांगतो, फार छान झालं होतं हो. मला वाटायचं हे तसंच आहे. दुसरी बाटली आली, दवाखान्याचा वास, स्लग फिरकले नाहीत, मी म्हटलं, ‘पहिलीपेक्षा सरस.’ तिसरी आली. ‘आता काही बदलू नकोस, केन.’ चौथी लग्नाची, मोठ्या पिंपात. तिची चव मी काय, कुणीच घेतली नाही. त्यानं काहीच बदललं नव्हतं ना.

लग्नाला आम्हाला बोलावणं होतं. वॉटफर्डातलाच एक साधा हॉल, जूनची दुपार, खिडक्या उघड्या. केन सुटात, कोटाला फूल, पिंपापाशी उभा. कागदाची पाटी लावली होती, वधूच्या बापाच्या हातची. ज्युलीनं ती वाचली तेव्हा मी तिच्या मागेच होतो. तिनं तोंडावर हात धरला आणि नुसती उभी राहिली. मग जाऊन त्याच्या गळ्यात पडली. केननं तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून अंगठा वर केला.

नंतर लोक आले, बिअरचे हँडलवाले ग्लास घेऊन गेले. एकेक घोट. ‘लव्हली, केन.’ ‘ओह, दॅट्स डिफरंट.’ इंग्रज माणूस तोंडावर वाईट बोलत नाही, या बाबतीत तो आपलाच भाऊ. पण हळूहळू खिडक्यांच्या कट्ट्यांवर ग्लास जमायला लागले. भरलेले. एक खिडकी, दुसरी, तिसरी. नवऱ्या मुलाची आई कुणाला तरी हळूच विचारत होती, ग्लास फिनाइलनं धुतलेत का. उन्हात ते ग्लास छान सोनेरी दिसत होते, म्हणून ते आणखीच डोळ्यात भरत होते. आख्ख्या हॉलमध्ये एकच ग्लास रिकामा झाला, ज्युलीचा. तिनं बापाकडे बघत उभ्या उभ्या संपवला.

केनला वास येत नव्हता, दिसत होतं. तो खिडक्यांकडे बघत होता. मग दोन ग्लास भरून आमच्या टेबलापाशी आला आणि एक माझ्यापुढे केला. ‘तू अजून घेतली नाहीस, मिस्टर डी. काय झालंय हिला? तू सांग.’

माझ्या हातात संत्र्याचा रस होता. मी काहीतरी जुळवायच्या आत सुलभा बोलली. अगदी सरळ मनानं, अभिमानानं बोलली. ‘ओह नो, केन, ही डझन्ट ड्रिंक. नेव्हर. नॉट वन ड्रॉप. माझ्या वडिलांना शब्द दिलाय त्यांनी.’

‘नेव्हर?’ केननं मला विचारलं.

‘नेव्हर,’ मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

‘राइट,’ तो म्हणाला. त्यानं ते दोन्ही ग्लास नेऊन खिडकीत, बाकीच्यांच्या रांगेत ठेवले. नीट, हँडल एका बाजूला करून. मग पाटी काढली, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली आणि पिंपाकडे पाठ करून बसला.

गाडीत बसल्यावर सुलभानं सीटबेल्ट लावला. मग म्हणाली, ‘तुम्ही त्याला काय सांगत होतात इतके दिवस?’ मी सांगितलं. तिनं खिडकीबाहेर तोंड केलं ते घर येईपर्यंत.

केन पुन्हा दुकानात आला नाही. मीही गेलो नाही. स्वतःची समजूत घालण्यात मी तरबेज आहे. त्याचं पिंप अस्वच्छ असेल, वॉटफर्डचं पाणी जड आहे, यीस्ट जुनं असेल. माझ्या डब्यात दोष असणं शक्य नव्हतं. ऊब एक अंश सोडत नव्हता तो.

तीनएक वर्षांनी मी दुकान आवरत होतो. माल निम्म्या किमतीत, दारावर पाटी. तेव्हा ज्युली आली, हातात तो डबा. ‘डॅड आता आमच्याकडे राहतो, समुद्राकाठी. म्हणाला, हा मिस्टर डीला परत दे.’ रागानं नाही बोलली. राग असता तर बरं झालं असतं. मी चहा विचारला, ती नाही म्हणाली.

घरी आणून झाकण उघडलं. डबा लख्ख धुतलेला. आत पिवळ्या होजचा तुकडा. मी तो बदलून देणार होतो, हे मला तेव्हा आठवलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सुलभानं किटलीतलं उकळतं पाणी आत ओतलं, तोटी सोडली, पेला नाकाशी धरला आणि माझ्यापुढे केला. दवाखाना. तोच.

डब्यात एक छोटी वहीपण होती. बहुधा चुकून राहिलेली. पानापानावर केनचे रकाने: तारीख, जव किती, पाणी किती गरम, तासानंतर किती. आणि शेवटचा रकाना, चव. त्यात त्याचं स्वतःचं काहीच नव्हतं. एकच्या पुढे: मिस्टर डी – मॉल्टी, क्लीन फिनिश, गुड बॉडी. दोनच्या पुढे: मिस्टर डी – बेटर. तीनच्या पुढे: मिस्टर डी – डोन्ट चेंज अ थिंग. यातल्या ‘डोन्ट’खाली दोन रेघा. चौथीच्या पुढे मोकळं.

मी नवा पाइप आणला, योग्य तो. केनच्या वहीतल्या आकड्यांनी आयुष्यातली पहिली बिअर केली. सुलभा शेजारी थर्मामीटर धरून उभी. बाटल्या भरल्यावर तिनं वास घेतला. ‘आता नाही येत.’

‘मी चाखून बघू?’

तिनं भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे बघितलं. ‘बाबांचं मी बघते. पण इथे नको. जिथे चाखायला हवी होती, तिथे जाऊन चाखा.’

म्हणून आम्ही समुद्राकाठी गेलो, दोन बाटल्या आणि वही घेऊन. केन बारीक झाला होता, खुर्चीत शाल घेऊन बसलेला. त्यानं या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी पाइपचं सांगितलं. मग दुसरंही सांगितलं, एकही बाटली चाखली नव्हती ते. मध्ये थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. ज्युलीनं ग्लास आणले. तिनं आपला उचलला आणि घटाघट संपवला. ‘इट्स गुड, डॅड.’

‘हिचं काही धरू नकोस,’ केन मला म्हणाला. ‘ही तेव्हाही संपवून बसली होती.’ मग तो पुढे वाकला. ‘आता तू. आणि बोलू नकोस. मला तोंड बघू दे.’

मी घोट घेतला. साठी ओलांडलेल्या माणसाचा पहिला घोट. तोंड कसं झालं ते मला दिसलं नाही, पण सुलभा खोकल्याच्या निमित्तानं हसली.

‘अस्सं,’ केन म्हणाला. ‘खरं बोलताना तू असा दिसतोस. काय लागतंय?’

‘कडू. कारल्याच्या पाण्यात भाकरी भिजवल्यासारखी.’

‘भाकरी?’

‘ब्रेड. गरम ब्रेड. मला आवडली नाही, केन. पण औषध नाहीये आत.’

‘ब्रेड,’ तो स्वतःशी म्हणाला. ‘ब्रेड असायलाच हवा.’ त्यानं आपला ग्लास तोंडाला लावला, घोट तोंडात बराच वेळ धरला, गिळला, मान हलवली. काही नाही. मी वही आणि पेन त्याच्यापुढे ठेवलं, चौथ्या ओळीचा मोकळा रकाना उघडून. त्यानं ती मिटली आणि माझ्याकडे सरकवली. ‘ती ओळ लग्नाची आहे.’

बाहेर समुद्रपक्षी ओरडत होते. मग त्यानं विचारलं, ‘त्या पहिल्या तीन बाटल्यांचं काय केलंस?’

‘बागेत. स्लगना.’

केनला हसू फुटलं. खुर्ची हलेपर्यंत हसला, ज्युलीनं त्याची पाठ चोळली. ‘आवडली त्यांना?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘तिन्ही वेळा शिवले नाहीत.’

त्याचं हसू ओसरलं. त्यानं शाल सारखी केली आणि माझ्याकडे बघितलं.

‘म्हणजे त्यांनी सांगितलं होतं तुला,’ तो म्हणाला.